देशाचा सातबारा



२६ जानेवारीला आपल्या गावात काय होते ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. सकाळी शाळेची पोरे प्रभातफेरी काढतात. ग्रामपंचायतीपुढे झेंडा चढतो. टेबलावर चादर अंथरून दोन-तीन फोटो मांडतात आणि अलीकडे त्यांच्या शेजारी राज्यघटनेची एक प्रतही ठेवतात. सरपंच हार घालतात, गुरुजी उद्देशिका वाचतात, आपण त्यांच्यामागे म्हणतो. पोरांच्या हातावर गोळ्या-बिस्किटे पडतात आणि नऊच्या आत आपण शेताच्या वाटेला लागतो. कापसाची शेवटची वेचणी चालू असते, दादर दाण्यावर आलेली असते, पाखरे राखायची असतात. थांबायला वेळ कुणाला?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावी कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही टेबलावरची ती प्रत उचलली. पाने एकमेकांना चिकटलेली होती. आणल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. आम्ही ती चाळत असताना शेजारी उभे असलेले एक वयस्क आप्पा म्हणाले, "भाऊ, हाई पुस्तक आमना काय कामनं शे?"

दोघे-चौघे हसले. आम्हाला हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता आणि आम्हाला त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. आमच्याजवळ शेतकीची पदवी आहे. मातीचा सामू, कापसाच्या जाती, बोंडअळीचे जीवनचक्र यांवर आम्ही तासभर बोलू शकतो. पण ज्या कागदावर हा देश उभा आहे, त्याविषयी आप्पांना सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. त्या दिवसापासून आम्ही ते पुस्तक वाचायला लागलो. आप्पांना द्यायचे उत्तर आज मांडतो आहोत.

मालक कोण, बटाईदार कोण?

आप्पा, हे पुस्तक म्हणजे देशाचा सातबारा.

ज्याला वर्तमानपत्र धड वाचता येत नाही असा शेतकरीसुद्धा आपला सातबारा बरोबर वाचतो. मालकाच्या रकान्यात नाव कुणाचे, इतर हक्कात बोजा कुणाचा, विहीर लागली आहे की नाही, शेवटचा फेरफार कधीचा आणि कशाचा, हे त्याला तोंडपाठ असते. कारण तिथे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर जमीन जाते. म्हणून कर्ज काढण्याआधी, वाटणी करण्याआधी, सौदा करण्याआधी आपण उतारा काढतो. सातबाऱ्याला हार घालून कुणी घरी बसत नाही.

देशाच्या सातबाऱ्यात मालकाच्या रकान्यात नाव आहे लोकांचे. उद्देशिकेची सुरुवातच लोकांपासून होते. राजा, गव्हर्नर, मंत्री, कलेक्टर यांच्यापैकी कुणाचेही नाव त्या रकान्यात नाही. सरकार हा पाच वर्षांच्या बोलीने ठेवलेला बटाईदार आहे. बटाईदाराने काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्या पुस्तकात लिहिले आहे. त्याच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत आणि १३ वे कलम सांगते की हे हक्क हिरावून घेणारा कायदा सरकारला करता येणार नाही. केलाच, तर तेवढ्यापुरता तो रद्दबातल. साध्या भाषेत, सरकारच्या ढोरांनी आपल्या पिकात शिरू नये म्हणून घातलेले हे कुंपण आहे.

मालकानेच उतारा वाचला नाही तर काय होते, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. चार-पाच वर्षांत बटाईदार मालकासारखा बोलायला लागतो आणि मालक त्याच्यापुढे हात जोडून उभा राहतो. आज तहसील कचेरीत आपण कसे उभे राहतो ते आठवा.

पोरांच्या पुस्तकातले पान

असे का झाले? आपल्याला नागरिकशास्त्र शिकवलेच गेले नाही असे नाही. शिकवले, पण कसे?

घरी पोरांची शाळेची पुस्तके असतील तर आज संध्याकाळी एक उघडून पाहा. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत उद्देशिका छापलेली असते, प्रतिज्ञा असते, राष्ट्रगीत असते आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्ये असतात. ही कर्तव्ये, म्हणजे ५१क हे कलम, १९४९ साली मंजूर झालेल्या घटनेत नव्हते. ते १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. तेव्हा दहा कर्तव्ये होती, २००२ साली अकरावे जोडले. कर्तव्ये वाईट नाहीत. सार्वजनिक मालमत्ता जपावी, विज्ञाननिष्ठ दृष्टी ठेवावी, जंगले-नद्या राखाव्यात, यात कुणाला हरकत असणार? पण मालकाच्या पोराने दररोज दप्तर उघडल्यावर पहिल्यांदा काय वाचावे? त्याने काय पाळायचे ते. सरकारने काय पाळायचे, त्याचे पान तिथे नाही. हक्कांचा धडा आत कुठेतरी येतो, गाळलेल्या जागा भरण्यापुरता, आणि परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत जाते.

आम्ही गुरुजींना दोष देत नाही. आम्हीही हेच केले. शेतकी शिकून पहिल्यांदा गावोगाव फिरू लागलो तेव्हा आम्ही शिफारशी वाटत होतो. एकरी इतके युरिया, इतक्या दिवसांनी इतकी फवारणी. का, ते सांगत नव्हतो. शेतकऱ्याने विचारले तर "शास्त्रज्ञांनी सांगितले आहे" म्हणून मोकळे. मग पाऊस दांडी मारायचा, शिफारस फसायची आणि शेतकऱ्याला काय बदलावे ते कळायचे नाही, कारण त्याला कारण सांगितलेलेच नव्हते. देशाची तत्त्वे आपल्याला अशाच रीतीने शिकवली गेली. पाठ करा, मान तुकवा, कारण विचारू नका. फसल्यावर काय करायचे ते आपल्याला म्हणूनच माहीत नाही.

ही मागणी आपल्या मातीतून गेली आहे

घटना दिल्लीच्या मोठ्या लोकांनी लिहिली, आपला तिच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. तो गैरसमज आपल्या जिल्ह्यात तरी असू नये.

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तोवर ही अधिवेशने शहरांत होत. खेड्यात भरलेले हे पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या साहित्यातून मंडप आणि कमानी सजवल्या होत्या. त्याच वेळी, तिथेच किसान सभेचेही अधिवेशन झाले आणि त्यासाठी मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा पायी चालत फैजपूरला आला होता.

त्या अधिवेशनाने दोन गोष्टी मागितल्या, त्या आपल्या ध्यानात राहिल्या पाहिजेत. पहिली, या देशाची घटना इंग्रजांच्या पार्लमेंटने लिहायची नाही, प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीने लिहायची. तेव्हा परिस्थिती काय होती? १९३५ च्या कायद्याने सारा, कर, शिक्षण अशा अटी घालून मत दिले होते. मांडवाबाहेर धुळीत बसलेल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना आणि जवळजवळ सगळ्या शेतमजुरांना मतच नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे शेतीविषयीचा ठराव. सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या तुकड्यांवरचा सारा माफ करा, कर्जाचा बोजा हलका करा, वेठबिगार बंद करा, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या.

आता घटना उघडून पाहा. वेठबिगारीला बंदी, २३ वे कलम. संघटना बांधण्याचा हक्क, १९ व्या कलमातला पहिल्या खंडाचा (ग). प्रौढ मतदान, ३२६ वे कलम. फैजपूरला मागितले ते सगळेच मिळाले असे नाही. घटना समिती अखेर प्रांतांच्या आमदारांनी निवडली, थेट लोकांनी नाही. साऱ्याचे आणि कर्जाचे काय झाले ते आपण भोगतोच आहोत. पण जे मिळाले ते कुणी मेहरबानी म्हणून दिलेले नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी चालत जाऊन मागितलेले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या किती शाळांत हे पोरांना सांगतात?

कापसाची गाडी आणि १९५१ चा फेरफार

आता उताऱ्यावरचे फेरफार पाहू. मालकाला न कळता नोंदवलेला फेरफार सर्वांत महाग पडतो.

चोपडा, रावेर, शिरपूरकडच्या साठीपुढच्या शेतकऱ्यांना सांगायला नको की १९७२ च्या हंगामापासून जवळजवळ तीस वर्षे आपला कापूस सरकारलाच घालावा लागत होता. एकाधिकार खरेदीचा कायदा १९७१ चा. काही वर्षी तिथे बरा भावही मिळाला, ते नाकारायचे कारण नाही. पण ज्या वर्षी सेंधव्याला किंवा बऱ्हाणपूरला भाव चढा असे, त्या वर्षी आपलाच कापूस आपल्याच गाडीत घालून रात्री आडवाटेने न्यावा लागे. पकडला तर गुन्हा. गांजा नेणारा आणि कापूस नेणारा एकाच नाक्यावर उभा!

तेव्हा आपण म्हणायचो, असा कसा कायदा? स्वातंत्र्य आहे ना? बरोबर आहे. १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला धंदा-व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. ३०१ वे कलम सांगते की देशभर व्यापार मोकळा राहील. मग नाका कुठून आला?

तो आला १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीतून. उत्तर प्रदेशात सरकारी बसगाड्यांसाठी खाजगी गाडीवाल्यांना बाजूला सारण्याचा प्रश्न न्यायालयात गेला होता. त्यानंतर १९ व्या कलमात शब्द घातले गेले की एखादा धंदा सरकार स्वतः चालवू शकते आणि नागरिकांना त्यातून अंशतः किंवा पूर्णपणे वगळू शकते. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने ३०१ व्या कलमातूनही अशा सरकारी मक्तेदारीला सूट मिळाली. बसगाडीसाठी पाडलेली वाट वीस वर्षांनी आपल्या कापसाच्या गाडीपर्यंत येऊन पोहोचली. घटना जून १९५१ मध्ये बदलली तेव्हा प्रौढ मतदानाने निवडलेली लोकसभा अजून यायची होती. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यानंतर झाली. फेरफार नोंदवला गेला आणि मालकाला नोटीससुद्धा नाही!

त्याच दुरुस्तीने नववी अनुसूची आली. आपण तिला नववे परिशिष्ट म्हणतो. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरुद्ध आहे म्हणून न्यायालयाने रद्द करायचा नाही, अशी ती तरतूद. सुरुवातीला तेरा कायदे होते, आज २८४ नोंदी आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य जमिनीच्या. आपल्या सभेत एकाच सतरंजीवर असे दोघे बसलेले असतात की एकाचा आजा कूळकायद्याने मालक झाला आणि दुसऱ्याच्या बापाची जमीन सीलिंगमध्ये गेली. दोन्ही कायदे त्या अनुसूचीत आहेत. कुणाचे बरोबर, यावर आज वाद घालायचा नाही. कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली ही मोठी गोष्ट झाली, असे आम्ही मानतो. पण कुंपणाला खिंडार चांगल्या कामासाठी पाडले तरी नंतर त्यातून कुणाची ढोरे येतील याला धरबंध राहत नाही. १९७६ साली अत्यावश्यक वस्तूंचा कायदा याच खिंडारातून आत गेला. कांद्याचे, धान्याचे, डाळींचे भाव पाडायला त्याचा कसा उपयोग झाला ते आपण जाणतो.

पुढे न्यायालयाने खिंडार काहीसे बुजवले. २४ एप्रिल १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा मतांनी सांगितले की संसदेला घटना बदलता येईल, तिचा मूळ गाभा बदलता येणार नाही. जानेवारी २००७ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की त्या तारखेनंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदेही या कसोटीला लावून तपासता येतील. ही लढाई लढले ते केरळातल्या एका मठाचे स्वामी आणि तामिळनाडूतले एक जमीनमालक कुटुंब. कापसाच्या नाक्यावर पिढी घालवलेल्या आम्ही खान्देशवाल्यांनी असा प्रश्न उभा करण्याइतके पुस्तक वाचलेच नव्हते.

विखरणचे म्हातारे

हे सगळे जुने झाले, असे कुणी म्हणेल. म्हणून २०१८ ची गोष्ट.

शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी घेतली. मोबदला मिळाला सुमारे चार लाख. शेजारच्या जमिनींना त्याहून कितीतरी जास्त मिळाले, ही त्यांची तक्रार. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते कागदांची पिशवी घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले. २२ जानेवारीला त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला प्राण सोडला. मधला प्रजासत्ताक दिन त्यांचा रुग्णालयाच्या खाटेवर गेला. त्या सकाळीही आपण गावोगावी उद्देशिका म्हटली. तीत न्याय आहे, समानता आहे. त्यांचे नाव धुळे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. मृत्यूनंतर फेरमूल्यांकनाचे लेखी आश्वासन निघाले.

त्या म्हाताऱ्यांना आपला हक्क माहीत नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना तो पुरता कळला होता, म्हणून तर ते इतकी वर्षे चालत राहिले. ठाऊक नव्हता तो आपल्याला, त्यांच्या आजूबाजूच्यांना. गावातली दहा माणसे तेच कलम बोटाखाली धरून त्यांच्यासोबत उभी राहिली असती, तर ते एकटे पडले नसते. हा ठपका आम्ही आमच्यावर ठेवतो. आम्ही तेव्हाही याच जिल्ह्यांत सभा घेत होतो.

उताऱ्यावर आजही काय शिल्लक आहे

तर काय माहीत असायला हवे? सगळे पुस्तक पाठ करायची गरज नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचे थोडे सांगतो.

पहिले, जमीन. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने काढला, तो २० जून १९७९ पासून गेला. पण जमीन उघडी पडलेली नाही. ३००क हे कलम सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलकत्त्याच्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ सात मुद्द्यांत उलगडला. आधी नोटीस दिली पाहिजे. हरकत ऐकून घेतली पाहिजे. निर्णय कारणांसह दिला पाहिजे. जमीन सार्वजनिक कामासाठीच घेतली पाहिजे. भरपाई रास्त असली पाहिजे. काम वेळेत आणि नीट झाले पाहिजे. आणि सगळी प्रक्रिया शेवटाला गेली पाहिजे, वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवता येणार नाही. हे सात मुद्दे घरातल्या सातबाऱ्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

याशिवाय ३१क कलमात एक परंतुक आहे, ते फार थोड्यांना माहीत आहे. जमीन तुम्ही स्वतः कसत असाल आणि ती कमाल मर्यादेच्या आत असेल, तर ती घेणाऱ्या कायद्याने बाजारभावापेक्षा कमी भरपाई देता कामा नये. आपल्या राज्यात कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर. आता सांगा, हा अंक वाचणाऱ्यांपैकी ५४ एकरांच्या वर किती जण आहेत? दाद मागायला उच्च न्यायालयाचे औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे, २२६ व्या कलमाने. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दुसरे, ग्रामसभा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद आहे. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि त्यांच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्या पाहण्यातल्या एका गावी ग्रामसभेच्या वहीत वर्षापूर्वी वारलेल्या माणसाचा अंगठा होता! वही मागून पाहणारा कुणी नसला की मेलेली माणसेही सभेला येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या अनुसूचित क्षेत्रातल्या आपल्या पावरा, भिल्ल, तडवी बांधवांच्या ग्रामसभेला तर १९९६ च्या पेसा कायद्याने जास्तीचे अधिकार आहेत. भूसंपादनाआधी तिथे विचारविनिमय करावा लागतो.

तिसरे, कागद. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ साली आणि देशात २००५ साली आला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ग्रामसभेच्या वहीची नक्कल, संयुक्त मोजणीचा अहवाल, शेजारच्या गटाचा निवाडा, सगळे मागता येते.

चौथे, अंग. मोर्चाला जाताना लक्षात ठेवा, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येणे हा १९ व्या कलमाचा हक्क आहे. सरकार त्यावर वाजवी बंधन घालू शकते, पण वाजवीच. धरपकड झाली तर २२ व्या कलमाने अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाला भेटू द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. पोलीस ठाण्यात हे शांतपणे म्हणून दाखवणारा शेतकरी आणि मान खाली घालून बसणारा शेतकरी, या दोघांना मिळणारी वागणूक वेगळी असते. आम्ही दोन्ही पाहिले आहे.

"याने कापसाला भाव मिळेल का?"

सभेत हा प्रश्न येणारच. सरळ उत्तर आहे, नाही. घटनेत कापसाचा भाव लिहिलेला नाही. पाऊस तिच्याने पडत नाही, बोंडअळी मरत नाही. पण भाव मागायला एकत्र जमण्याचा, संघटना बांधण्याचा, आपला माल कुठे विकायचा ते ठरवण्याचा आणि सरकारच्या धोरणाला नाव ठेवण्याचा हक्क तिच्यातूनच येतो. वखरणी-नांगरटीने पीक येत नाही, बी पेरावे लागते. पण पडीत रानात बी टाकून कुणाला पिकले आहे?

दुसरा म्हणेल, हे वकिलांचे काम आहे. खोंड लंगडले की आपण लगेच डॉक्टरला फोन करत नाही. आधी खूर उचलून पाहतो, काटा असेल तर काढतो. तेवढे ज्याला येत नाही त्याचे बैल डॉक्टर येईपर्यंत निकामी होतात. पुस्तकाचेही तसेच.

आणि शिकायचे कुठे? त्याचा धडा धुळ्यातच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. दर रविवारी एक अध्याय, २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार. ऐकायला बसले होते ते कैदी, आणि उतरवून घेत होते साने गुरुजी. तुरुंगाच्या भिंतीआड, लोकांच्या बोलीत, थोडेथोडे, नेमाने. आपल्याला तर पारावर बसायची मोकळीक आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. यापुढे प्रत्येक गावबैठकीचा पहिला अर्धा तास पुस्तकाला द्यावा. एका वेळी एकच कलम. वाचणारा गावातलाच, शक्यतो दहावी-बारावीतली मुलगी किंवा मुलगा. कलम वाचून झाले की त्याच्याशी जोडलेला गावातला एक खरा कागद मध्ये ठेवायचा, संपादनाची नोटीस, ग्रामसभेची वही, पीकविम्याची पावती, सोसायटीचा ठराव. आणि एकच प्रश्न विचारायचा, की या कागदात कलम पाळले आहे का? नसेल, तर अर्ज कोण लिहिणार आणि त्याच्यासोबत कोण कोण जाणार, ते ठरवूनच उठायचे. अठरा बैठकांनंतर जळगाव आणि धुळ्याला एकत्र बसून कोणत्या गावाने किती कागद तपासले त्याचा हिशेब मांडू.

पुढच्या २६ जानेवारीला झेंड्याखालची प्रत उचला आणि तिची पाने सुटी करा. ते आप्पा आम्हाला बैठकीत हवे आहेत. या वेळी प्रश्न त्यांनी सरकारला विचारायचा आहे, आणि आम्ही दहा जण त्यांच्या मागे उभे राहणार आहोत.